माझ्या मशीनवरची गाठ

आमच्या थोरल्या जाऊबाई कुणाच्या बोलण्यात येत नाहीत, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या स्वतः तर उठता-बसता म्हणायच्या. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या वडिलांनी दिलेली चादर उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाल्या, दुकानदाराने तुझ्या वडिलांना बनवलं. ती चादर अजून टिकून आहे, ती गोष्ट वेगळी. तेव्हापासून आमचं असंच चालत आलं आहे. त्यांनी संशय घ्यायचा, मी चिडायचं, आणि आमच्या ह्यांनी "वहिनी उगाच बोलत नाहीत" म्हणून पेपरात डोकं खुपसायचं.

जाऊबाईंचा धंदा कपडे अल्टर करून देण्याचा. रस्त्यालगत एक गाळा, वर दातांचा दवाखाना, शेजारी सायकलदुरुस्ती. आत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, कपडे बदलायला पडद्याआड एक कोपरा आणि भिंतीवर रिळांची फळी. भाऊजी गेले तेव्हा लोकांना वाटलं, आता ही बाई गाळा सोडून आमच्याकडे येऊन राहील. त्या तिसऱ्या दिवशी गाळ्यात जाऊन बसल्या. गिऱ्हाईक कमरेचं माप सांगायचं, त्या मान डोलवायच्या, आणि मग टेप काढून पुन्हा मोजायच्या. माणूस वयापेक्षा कमरेबद्दल जास्त खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गल्लीत त्यांचं नाव पडलं फेरमाप. नाव मी ठेवलेलं नाही. पसरवायला थोडा हातभार लागला असेल.

त्यांची आणखी एक खोड होती. गिऱ्हाइकाचा कोट किंवा साडी धुवायला, रंगवायला बाहेर पाठवायची झाली की त्या आतल्या शिवणीला पोपटी दोऱ्याची एक बारीक गाठ मारायच्या. दुहेरी गाठ, एक शेपूट लांब आणि एक आखूड. एकदा धुलाईवाल्याने कोट बदलून दिला होता आणि नवा कोट पदरमोड करून द्यावा लागला होता, तेव्हापासून ही गाठ. आम्ही हसायचो. मी तर म्हणायचे, एक दिवस तुम्ही आम्हा सगळ्यांच्या मानेत गाठ माराल, बाहेरून बदलून आलो तर कळायला.

अशा बाईने त्या कंपनीत पैसे गुंतवले. का, तर गाळ्याचा मालक गाळा विकायला निघाला होता. इतकी वर्षं भाडं भरलं, आता दुसऱ्या कुणी घेतला तर म्हातारपणी मशीन डोक्यावर घेऊन हिंडायचं का, या काळजीने त्यांना पछाडलं होतं. साठवलेले पैसे गाळ्याला थोडे कमी पडत होते. मालकाने सवड दिली होती, पण कायमची नाही.

कंपनीचा माणूस आमच्या ह्यांच्या ओळखीतून आला. गोरा, गोड बोलणारा, हातात चामड्याची बॅग. जाऊबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, कडक इस्त्री. त्यांना त्याच्या शर्टाचाच संशय आला. दिवसभर लोकांच्या दारोदार फिरणाऱ्या माणसाच्या पाठीवर एक चुणी नाही म्हणजे हा फिरत नाही, नाहीतर बॅगेत दुसरा शर्ट घेऊन हिंडतो. दोन्ही लक्षणं बरी नाहीत, असं त्या मला म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही नवऱ्यामुलाच्या शर्टाकडेही असंच बघितलं असतं तर भाऊजी बिनलग्नाचे राहिले असते.

योजना अशी होती. कंपनी मोठाली कपडे धुण्याची मशीनं हॉस्पिटलांना, हॉटेलांना भाड्याने देते. आपण एक मशीन विकत घ्यायचं, त्यावर आपल्या नंबराची पट्टी लागते, आणि त्याचं भाडं दरमहा आपल्या खात्यात येतं. मशीन कंपनी सांभाळते. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते, हॉस्पिटलांच्या चादरी किती धुतल्या जातात ते मला ठाऊक आहे, तेव्हा मला हे पटलं. आम्ही एक मशीन घेतलं. भाडं यायला लागलं. वेळच्या वेळी, सुट्टी असली तर आदल्या दिवशी.

जाऊबाईंनी मात्र आधी इस्त्रीचा जीव घेतला. मला माझं मशीन बघायचंय, म्हणाल्या. तो म्हणाला, हॉस्पिटलमध्ये बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, मग मी पेशंट म्हणून भरती होते. शेवटी एक दिवस त्याचा फोन आला की तुमचं मशीन नेमकं सर्व्हिसिंगला आलंय, चला दाखवतो. गावाबाहेरच्या एका शेडमध्ये त्यांना नेलं. प्लास्टिकने झाकलेल्या मशीनांची रांग होती आणि पुढे एक उघडं, चकचकीत, त्यांच्या नंबराची पट्टी लावलेलं. त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं, मागे जाऊन वाकून बघितलं. मग घरी आल्या आणि म्हणाल्या, मशीन आहे बाई. एवढंच. मागे वाकल्या तेव्हा पर्समधला दोरा काढून पाण्याच्या पाइपला गाठ मारून आल्या, हे कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही, इस्त्रीला तर नाहीच.

पुढे बरेच महिने सगळं सुरळीत. इस्त्रीने एक नवीन टूम काढली. नवा माणूस आणला की आपल्याला कमिशन. आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या, त्यांनी विचारलं, तुमचं ते भाडं खरंच येतं का गं? मी म्हटलं, येतं तर. पण मास्तरीणबाईही काही लेच्यापेच्या नव्हत्या. तू मशीन डोळ्यांनी बघितलंस का, म्हणाल्या. मी बघितलं नव्हतं. म्हणून मी इस्त्रीच्या मागे लागले, आणि काय योगायोग बघा, माझंही मशीन नेमकं सर्व्हिसिंगला आलेलं.

रविवारी तो मला घेऊन गेला. तीच शेड, तीच झाकलेली रांग, पुढे एक उघडं मशीन, त्यावर माझा नंबर. मी मागे जाऊन बघितलं. जाऊबाईंनी बघितलं होतं म्हणून, नाहीतर मला त्यातलं काय कळतं? पाइपला पोपटी दोरा होता. मी विचारलं, हे काय? इस्त्रीने वाकून बघितलं आणि म्हणाला, तपासणीत पास झालं की आमचा माणूस दोरा बांधतो. मला बरं वाटलं. एवढी मोठी कंपनी, एवढी काळजी घेते.

जाऊबाई कोटाला दोरा बांधतात हे मला माहीत होतं. मशीनला कोण बांधेल? माझ्या डोक्यातही आलं नाही.

तिथून मी थेट गाळ्यात गेले. मुद्दाम गेले, जरा तोरा मिरवायला. जाऊबाई एका गिऱ्हाइकाच्या पँटची घडी उसवत बसल्या होत्या. मी म्हटलं, "माझ्या मशीनला तपासणीचा पोपटी दोरा आहे. तुमच्या मशीनला होता का?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. मला वाटलं, जळल्या. त्यांनी विचारलं, दोरा कुठे होता, कसा होता, शेपटं किती लांब. मी हौसेने सगळं सांगितलं. मग त्या उठल्या, मागे स्टोव्हवर चहा ठेवला आणि मला पुरा कप भरून चहा दिला, एरवी अर्धाच देतात. मला म्हणाल्या, जपून जा घरी. मी घरी गेले आणि संध्याकाळी मास्तरीणबाईंना सांगितलं, बघितलं हो मशीन, डोळ्यांनी बघितलं, तपासणीच्या दोऱ्यासकट. त्यांनी पेन्शनची पुंजी भरली. पाठोपाठ शेजारच्या आणखी दोघींनी. मला कमिशन मिळालं. हो, घेतलं. फुकट कोण पायपीट करतं?

त्याच आठवड्यात जाऊबाईंनी आपले पैसे काढून घेतले. मुदत संपली नव्हती, पण त्यांनी इस्त्रीला असा काही खेळवला की विचारू नका. गाळा घ्यायचाय म्हणाल्या, आणि माझी दोन मोठी गिऱ्हाइकं तुझ्याकडे भरायला तयार आहेत, पण माझे पैसे मागितल्याबरोबर परत मिळाले हे त्यांना दिसलं तर. त्याने लगेच दिले. गिऱ्हाइकं कधीच उगवली नाहीत, कारण ती नव्हतीच. जाऊबाईंनी गाळा नावावर करून घेतला. आम्हाला बोलावून चहा पाजला, ह्यांनी वहिनींचं तोंड भरून कौतुक केलं. मी विचारलं, इतकं चांगलं भाडं येत असताना का काढलेत? तर म्हणाल्या, गाळा डोक्यावर होता गं. ताकास तूर लागू दिली नाही बाईने.

मग एका महिन्यात भाडं आलं नाही. इस्त्री म्हणाला, बँकेचा घोळ आहे. पुढच्या महिन्यात इस्त्रीच नव्हता. ऑफिसला कुलूप, फोन बंद, आणि पोलिसांनी शेड उघडली तेव्हा प्लास्टिकखाली नुसती लाकडी खोकी. मशीन एकच होतं. जो बघायला येईल त्याच्या नंबराची पट्टी लावून दाखवायचे. नव्याचे पैसे घेऊन जुन्याला भाडं द्यायचे, एवढाच तो धंदा.

माझ्या पायाखालची जमीन सरकली आणि गल्लीत जाऊबाईंचा भाव वधारला. फेरमाप सुटल्या, सगळे म्हणायचे. त्याही गाळ्याच्या दारात उभं राहून सांगायच्या, मला आधीच वास आला होता. भाजीवाल्याला सांगितलं, वरच्या दातांच्या डॉक्टरला सांगितलं, टाके घालता घालता गिऱ्हाइकांना सांगितलं. मला ते ऐकून आग लागायची. वास आला होता, तर मग आम्हाला का नाही आला तुमच्याकडून?

पुढे कोर्टाने वसुली अधिकारी नेमला आणि सगळ्यांना पत्रं आली. इथे मला पहिल्यांदा कायदा कळला, आणि तो मला वाटला होता तसा अजिबात नव्हता. मला वाटत होतं, जे बुडाले ते बिचारे आणि जे सुटले ते नशीबवान. आमच्या वकीलबाईंनी समजावलं. सुटलेल्यांना जे मिळालं ते कंपनीचं नव्हतंच, ते दुसऱ्या बुडालेल्यांचं होतं. म्हणून जेवढं भरलं त्याच्या वर जे मिळालं ते परत द्यायचं. आपली मुद्दल ठेवता येते, पण एका अटीवर. सगळं खरं आहे असं समजून, चांगल्या मनाने पैसे घेतले असले तर. ज्याला लबाडी कळली होती आणि तरी ज्याने गुपचूप काढून घेतले, त्याने मुद्दलसुद्धा परत करायची.

त्या दिवसापासून जाऊबाईंचा वास बंद. त्यांनीही वकील गाठला होता. दुसऱ्याच दिवशी त्या भाजीवाल्याला म्हणाल्या, मला अडाणी बाईला काय कळतंय त्यातलं. जन्मात कधी स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं नव्हतं त्यांनी. मी कट्ट्यावरून ऐकलं आणि हसू की रडू कळेना.

मला हसायला फार दिवस मिळाले नाहीत. मास्तरीणबाईंनी माझ्यावर तक्रार केली. हिने मशीन बघितलंय म्हणून मला छातीठोक सांगितलं, आणि कमिशन घेतलं. पोलिसांनी दोनदा बोलावलं. तुम्ही शेडमध्ये गेला होतात, आल्याबरोबर तीन बायकांचे पैसे आणलेत, आणि तिथे खोकी आहेत हे तुम्हाला कळलं नाही? वकीलबाई म्हणाल्या, कमिशन तर परत द्यावंच लागेल. पण तुम्हाला माहीत होतं असं ठरलं तर ते संगनमत. मग तुम्ही बुडालेल्यांत नाही, बुडवणाऱ्यांत. गुन्हा लागेल, नोकरी जाईल, आणखी काय काय जाईल ते मी आज सांगत नाही. हे ऐकल्यापासून मी रात्री कूस बदलत पडायचे. औषधाच्या दुकानात मालक माझ्याशी नेहमीसारखंच बोलायचा, पण गल्ल्याची किल्ली आता स्वतःच्या खिशात ठेवायचा.

अशातच एका सकाळी दुकानातला माझा पांढरा कोट घातला. जाऊबाईंनी बाह्या लांब करून, धुलाईला देऊन पाठवला होता. मानेला काहीतरी टोचलं. कोट काढून बघितला, तर कॉलरच्या आत पोपटी गाठ. एक शेपूट लांब, एक आखूड.

 गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं आणि मला ऐकूच येईना. मी त्या शेडमध्ये माझ्या मशीनवर ही गाठ बघितली होती. म्हणजे तो तपासणीचा दोरा नव्हताच, ती जाऊबाईंनी स्वतःच्या मशीनला मारलेली गाठ होती. आणि हे मीच त्यांना जाऊन सांगितलं होतं, तोंडभर हसत. त्यांना त्याच क्षणी सगळं कळलं. त्यांनी मला चहा दिला. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःचे पैसे मागितले.

माझ्या पोटात दुखतंय असं मालकाला सांगून मी गाळ्यात गेले. दार लावलं, कोट टेबलावर टाकला आणि म्हटलं, ही गाठ कुणाची? त्या म्हणाल्या, माझी. म्हटलं, मग मशीनवरची कुणाची? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "कसला दोरा? पोपटी रीळ काय मी एकटीच विकत घेते?"

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी नाही नाही ते बोलले. भाऊजींना मध्ये आणलं, जे आणायला नको होतं. मी म्हटलं, तुम्ही एकदा खरं सांगितलंत तर मी सुटेन. मला माहीत नव्हतं याला साक्षीदार तुम्ही एकट्या आहात. माहीत असणारी बाई तपासणीच्या दोऱ्याचा तोरा मिरवायला येईल का? त्यांनी सुईत दोरा ओवला, दातांनी तोडला, आणि म्हणाल्या, दार उघड, गिऱ्हाईक उभं आहे.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, वहिनी असं करणार नाहीत. मी म्हटलं, केलंय. हे म्हणाले, मग त्यांना बोलायला लावून त्यांचा गाळा घालवायचा का? त्या दिवशी आमच्या घरात भांडीसुद्धा हळू आवाजात घासली गेली. खरं सांगू? हेही आधीपासून त्यांच्यात सामील होते की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं. एकदा संशय घरात शिरला की तो कुणाच्याही खुर्चीत बसतो.

सुनावणी वसुली अधिकाऱ्याच्या ऑफिसात होती. एक लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, टाइप करणारी मुलगी. अधिकारी किडकिडीत, सर्दीने बेजार, दर चार वाक्यांनी रुमाल काढणारा माणूस. एका बाजूला मास्तरीणबाई, नवी पर्स छातीशी धरून. जाऊबाई आपल्या वकिलाशेजारी, अगदी कोपऱ्यात. मी माझी हकिगत सांगितली, दोऱ्यासकट. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे तुम्ही सांगताय. दुसरं कुणी सांगेल का? मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या.

त्यांची पाळी आली. अधिकाऱ्याने आधी त्यांना सांगितलं की तुम्हाला दिलेले पैसे कुठून आले ते खात्यावर दिसतंय. त्या आठवड्यात या मास्तरीणबाईंनी भरले, तेच तुम्हाला गेले. मास्तरीणबाईंनी मान वळवून जाऊबाईंकडे अशी नजर टाकली की मीसुद्धा खुर्चीत आक्रसले. मग त्याने विचारलं, पैसे काढलेत तेव्हा कंपनीबद्दल तुम्हाला काही शंका होती का?

"शंका नव्हती," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांच्या वकिलाने समाधानाने फाइल मिटली.  टाइप करणारी मुलगी तेवढं टाइप करून थांबली.

"खात्री होती," जाऊबाई म्हणाल्या.

वकील ताडकन उठला. त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं, गिऱ्हाइकाला पडद्याआड पाठवतात तशा सहज. आणि मग सगळं सांगितलं. पर्समधून पोपटी रीळ काढून गाठ मारून दाखवली. अधिकाऱ्याने जप्त केलेल्या मशीनचे फोटो मागवले, भिंग लावून बघितले, आणि रुमाल पुन्हा खिशात ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, ही माझी धाकटी जाऊ मला येऊन सांगून गेली. ती खुशीत होती. तिला काही माहीत नव्हतं. असतं तर तिच्या चेहऱ्यावर दिसलं असतं, तिच्या पोटात काही राहत नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, मग तुम्ही तिला सांगितलं का नाहीत?

 त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "सांगितलं असतं तर तिनेही दुसऱ्या दिवशी पैसे मागितले असते. दोघींनी एकदम मागितले असते, तर त्याला कळलं असतं. मग कुणालाच मिळाले नसते. मी माझं बघितलं."

मुलीने ते जसंच्या तसं टाइप केलं. वाचून दाखवलं. मग कागद आधी त्यांच्यापुढे सरकवला आणि मग माझ्यापुढे, कारण मला त्याचा आधार घ्यायचा होता, मान्य आहे म्हणून सही करायची होती. मला माहीत नव्हतं, त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी मला बुडू दिलं. या एका कागदावर मी सुटत होते. मी सही केली. सही बँकेतल्यासारखी आली नाही, पण ती चालली.

तो कागद पोलिसांकडे गेला आणि माझं नाव संशयितांतून निघालं. कमिशन परत भरायचंय, ते हप्त्यांनी भरतेय. आमचं मशीन बुडालं ते बुडालंच, वाटपात काही आलं तर येईल. मास्तरीणबाईंना थोडंफार मिळेल, आणि ते मुख्यतः गाळ्याच्या पैशातून मिळेल. कारण जाऊबाईंना सगळं परत करायचा आदेश झाला, मुद्दलीसकट, आणि गाळा विकल्याशिवाय तो पुरा होणार नव्हता. त्यांच्या वकिलाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गल्लीत लोक आता दोन तटांत आहेत. अर्धे म्हणतात, काय बाई आहे, जावेसाठी गाळा सोडला. उरलेले म्हणतात, कसली बाई, सख्ख्या जावेला बुडवलं. दोन्ही तटांतले लोक मला अडवून विचारतात, आणि दोन्हीकडच्यांना मी हो म्हणते.

पण खरं सांगायचं तर माझा एक तिसराच संशय होता, आणि तो मला सोडत नव्हता. ही बाई माझ्यासाठी बोललीच नसेल. मला काही कळलं नाही, मीही बाकीच्यांसारखी फसले, हे सरकारी कागदावर लिहून द्यायचं तिच्या जिवावर आलं असेल. गाळा गेला तरी चालेल, पण फेरमाप बनली असं कुणी म्हणता कामा नये. जाऊबाईंना मी चांगली ओळखते. हे अगदी त्यांना शोभेल असं होतं.

गाळा रिकामा करायच्या दिवशी मी मदतीला गेले. हे टेम्पो आणायला गेले होते. रिळं खोक्यात भरता भरता मी विचारून टाकलं. त्या दिवशी माझ्यासाठी बोललात की स्वतःच्या नाकासाठी?

त्या इस्त्रीच्या टेबलाची घडी घालत होत्या. म्हणाल्या, उभी राहिले तेव्हा नाकासाठीच. अडाणी, अडाणी म्हणून तो वकील माझ्याकडून घोकून घेत होता, ते घशाखाली उतरेना. मग तू दिसलीस. तोंड पांढरं पडलेलं. मग बाकीचं तुझ्यासाठी बोलले. किती नाकासाठी आणि किती तुझ्यासाठी, ते मला मोजता येत नाही.

मी रडायला लागले. दुःख होतं, राग होता, आणि त्यांच्याबद्दलची मायाही होती, जी मला त्या वेळी अजिबात नको होती. मी म्हटलं, तेव्हा एक शब्द सांगितला असतात. एक. मास्तरीणबाईंपाशी मी गेले नसते.

"हो," त्या म्हणाल्या. "ते माझ्याकडून झालं. ते विसर असं मी तुला म्हणणार नाही." मग टेबल भिंतीला टेकवून त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पण मला एक सांग. दोरा तुझा असता, आणि मी हसत हसत तुला सांगायला आले असते, तर तू मला सांगितलं असतंस?"

"हो," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या चादरीवर, माझ्या मापांवर, माझ्या शब्दावर संशय घेतला आणि दर वेळी मी फणकारून उत्तर दिलं. या वेळी मी मनातल्या मनात तो रविवार पुन्हा मांडून बघितला, त्या दारातून येताहेत, मी चहा ठेवतेय, आणि मी काय बोलतेय ते मला ऐकू येईना.

"बरं," जाऊबाई म्हणाल्या. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. त्यांनी टेबलाचं एक टोक उचललं आणि मी दुसरं.